शाळेतली दादागिरी आणि बघत उभी राहणारी मुलं

मधली सुट्टी (धागालेखिका)

शाळेत एखाद्या मुलाला त्रास दिला जातोय असं कळलं की मोठ्यांची चौकशी ठरलेल्या वाटेनेच जाते. सुरुवात कोणी केली? मारलं कोणी? तू काय केलं होतंस? दोघांना समोर उभं करायचं, एकाला रागवायचं, हात मिळवायला लावायचे, आणि वर्गाला सांगायचं की आता हा विषय संपला. मी बरीच वर्षं शाळेत शिकवते आहे आणि अलीकडे मुलांच्या समुपदेशनाचंही काम करते. या सगळ्या चौकशीत माझ्या मते सर्वात कामाचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो: तिथे अजून कोण कोण होतं?

कॅनडात डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांनी नव्वदच्या दशकात शाळेच्या मैदानावर लांबून चित्रीकरण केलं, मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावले आणि खेळाच्या सुट्टीत नेमकं काय घडतं ते पाहिलं. त्यावर आधारित २००१ सालच्या शोधनिबंधात आलेली निरीक्षणं प्रत्येक शिक्षकाने वाचावीत अशी आहेत. त्रास देण्याच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. त्यांच्यापैकी कोणी मध्ये पडलं असे प्रसंग पाचात एखादाच. पण मूल मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. मोठ्या माणसाला तिथवर पोचायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

फिनलंडच्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली या बघणाऱ्या मुलांच्या भूमिका वेगवेगळ्या करून दाखवल्या. काही मुलं त्रास देणाऱ्याचे मदतनीस असतात. ती हात धरून ठेवतात, दप्तर लपवतात. काही हसतात, घोळका करतात, पुढे काय होतंय ते बघायला धावतात. बरीच मुलं बाजूला होतात आणि गप्प बसतात. थोडीच त्या मुलाच्या बाजूने उभी राहतात. गप्प बसणाऱ्यांना वाटतं आपण यात नाही आहोत. ज्याला त्रास होतो त्या मुलाला मात्र त्या शांततेचा एकच अर्थ लागतो: सगळ्यांना हे मान्य आहे.

आता दादागिरी कशाला म्हणायचं. दोन मुलांचं भांडण, अगदी मारामारीसुद्धा, म्हणजे दादागिरी नव्हे. या विषयाचा पाया घालणारे दान ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या होत्या. त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो, आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. हा तिसरा मुद्दा निसटतो, कारण ताकद म्हणजे आपल्याला फक्त अंगकाठी दिसते. मित्रांची संख्या ही ताकद आहे. चांगलं बोलता येणं, शिक्षकांचं लाडकं असणं, अस्खलित भाषा, घरची परिस्थिती, दुसऱ्याचं एखादं गुपित माहीत असणं, हीसुद्धा ताकदच. त्यामुळे एखादं किरकोळ अंगाचं, हुशार, सगळ्यांशी गोड बोलणारं मूलही दुसऱ्याचं जगणं नकोसं करू शकतं. आणि ते आपल्या नजरेत येतच नाही.

याकडे सरकारी पातळीवर लक्ष जायलाही किंमत मोजावी लागली. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात तीन मुलांनी आत्महत्या केल्या. शाळेतला छळ हे त्यामागचं कारण असावं, असं समोर आलं. पुढच्याच वर्षी तिथल्या शिक्षण मंत्रालयाने देशभर मोहीम उघडली. आज युनेस्कोचा २०१९ चा अहवाल सांगतो की जगातल्या साधारण तीनपैकी एका विद्यार्थ्याला मागच्या महिन्याभरात एकदा तरी सोबतच्या मुलांकडून असा त्रास झालेला असतो.

तुमचे अनुभव, शंका, मतभेद, सगळं लिहा. विशेषतः शिक्षकांनी लिहावं.

दोन लेकरांची आई

ताई, धाग्यासाठी आभार. माझा धाकटा मुलगा सातवीत आहे. गेले काही महिने रविवारी संध्याकाळपासूनच गप्प होतो. सोमवारी पोट दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. विचारलं की "काही नाही" म्हणतो आणि चिडतो. हे तेच असेल का? आणि असेल तर त्याच्याकडून काढून कसं घ्यायचं?

मधली सुट्टी

नक्की तेच आहे असं मी इथून म्हणणार नाही. पण आठवड्याच्या ठरावीक वेळी येणारी पोटदुखी किंवा डोकेदुखी दुर्लक्ष करण्यासारखी नक्कीच नाही. दुखणं खोटं नसतं, हेही लक्षात ठेवा. भीतीने पोट खरोखर दुखतं. याशिवाय वस्तू वारंवार हरवणं किंवा तुटणं, शाळेत जायची वाट अचानक बदलणं, घरी येईपर्यंत लघवी दाबून ठेवणं (शाळेच्या स्वच्छतागृहात जायची भीती असते), डबा तसाच परत येणं, पूर्वी रोज तोंडात असलेली मित्रांची नावं अचानक बंद होणं, यातलं काही दिसतंय का ते पाहा.

"तुला कोणी त्रास देतं का?" असं थेट विचारलं तर बहुतेक मुलं नाही म्हणतात. त्यांना लाज वाटत असते, आणि घरचे शाळेत जाऊन तमाशा करतील याची भीती असते. त्यापेक्षा दिवसाचे तुकडे करून विचारा. मधल्या सुट्टीत कुठे बसतोस? खेळायला गट पाडतात तेव्हा कोण पाडतं? बसमध्ये शेजारी कोण असतं? तुमच्या वर्गात सगळे कोणाला चिडवतात? हा शेवटचा प्रश्न दुसऱ्याबद्दल असल्यामुळे मुलं मोकळी होतात, आणि पुष्कळदा बोलता बोलता स्वतःबद्दलही सांगतात. समोरासमोर बसून विचारू नका. चालताना, काम करताना, रात्री दिवा घालवल्यावर विचारा.

त्याने सांगितलं तर पहिलं वाक्य जपून बोला. "मग तू काय केलंस?" हे नको. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आपण मिळून बघू," एवढं पुरे. आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. त्याऐवजी, "तुला सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही," असं सांगा आणि ते पाळा.

जुना बाक

थोडा वेगळा सूर लावतो. आम्हीही शाळेत मार खाल्ला, चिडवून घेतलं, त्यातूनच घडलो. आता प्रत्येक गोष्टीत पालक आणि समुपदेशक मध्ये पडले तर मुलं कणखर कशी होणार? पुढे जग काही मऊ गादी घालून ठेवणार नाहीये.

मधली सुट्टी

तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. बरोबरीच्या दोन मुलांची भांडणं त्यांनाच सोडवू द्यावीत. रुसणं, तोडणं, जुळवणं यातून मुलं खूप शिकतात, तिथे मोठ्यांनी घाई करू नये. पण ज्यात एक बाजू कधीच जिंकू शकत नाही, त्यातून मूल शिकतं ते एवढंच की आपलं काही चालत नाही आणि कोणी येणार नाही.

"त्यातूनच घडलो" याची पडताळणी झालेली आहे. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो बाळांचा आयुष्यभर पाठपुरावा केला गेला. सात आणि अकराव्या वर्षी ज्यांना वारंवार त्रास झाला होता, त्यांच्यात वयाच्या पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाण अधिक आढळलं. घरची परिस्थिती, लहानपणची बुद्धिमत्ता वगैरे बाबी हिशेबात धरूनही हा फरक उरला. यावर २०१४ साली शोधनिबंध आला. जी माणसं त्यातून उभी राहिली त्यांचं मला कौतुकच आहे. पण ती त्रासामुळे उभी राहिली असं म्हणायला काही आधार नाही.

जुना बाक

पन्नाशीपर्यंत परिणाम टिकतो हे माहीत नव्हतं. भांडण आणि छळ यातली रेघ कुठे ओढायची हा प्रश्न मात्र मला अजूनही अवघड वाटतो. शिक्षकाला ती रोज, उभ्या उभ्या ओढावी लागते.

गणिताचे सर

नेमकं हेच लिहायला आलो होतो. माझ्या वर्गात साठ मुलं. तास संपला की दुसऱ्या वर्गावर धावायचं. माझ्यासमोर कोणी कोणाला काही करत नाही, सगळं माझ्या पाठीमागे होतं. रेघ ओढायची म्हणजे आधी दिसायला तरी हवं.

माझ्या शाळेत आम्ही एक साधी गोष्ट केली, ती सांगतो. मुलांना शाळेचा कच्चा नकाशा छापून दिला. नाव लिहायचं नाही. जिथे जायला नको वाटतं तिथे लाल खूण करायची, जिथे बरं वाटतं तिथे हिरवी. सगळे कागद एकत्र केले तेव्हा लाल खुणा दोन-तीन ठिकाणीच दाटलेल्या निघाल्या. जिन्याखालची जागा, स्वच्छतागृहाबाहेरचा बोळ, आणि खेळाचं सामान ठेवायची खोली. शिक्षकखोलीत बसून आम्ही वेगळ्याच जागांची नावं घेत होतो. मग मधल्या सुट्टीतल्या देखरेखीच्या पाळ्या त्या जागांप्रमाणे लावल्या. खर्च काही नाही. एका शिक्षकाने तिथे नुसतं उभं राहून मुलांशी गप्पा मारायच्या.

मधली सुट्टी

सर, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. शाळांमधल्या उपक्रमांचा एकत्रित आढावा मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ साली घेतला होता. अशा उपक्रमांनी त्रास देण्याचं प्रमाण सरासरीने वीस टक्क्यांच्या आसपास कमी होतं, असं त्यांना दिसलं. ज्या गोष्टी परिणामाशी जोडलेल्या निघाल्या त्यात मैदानावरची चांगली देखरेख आणि पालकांच्या सभा होत्या. वर्षातून एक भाषण, भिंतीवर फलक आणि एक शपथ एवढ्यावर काही बदलत नाही.

मी एक भर घालते. नकाशा वर्षातून एकदा करून थांबू नका. एका जागी मोठं माणूस उभं राहिलं की त्रास दुसरीकडे सरकतो.

शेवटची घंटा

माझी बाजू इथे कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. मला शाळेतून बोलावणं आलं ते माझ्या मुलीने त्रास दिला म्हणून. ती आठवीत आहे, अभ्यासात पुढे, सगळ्यांशी हसून बोलते. वर्गातल्या एका मुलीशी कोणी बोलायचं नाही, तिला गटात घ्यायचं नाही, ती आली की उठून जायचं, असं हिने ठरवलं आणि बाकीच्यांनी केलं. मारणं नाही, शिवी नाही. शिक्षिकेला कळायलाही बरेच आठवडे गेले. घरी आल्यावर मुलगी म्हणते, "मी काय केलं? फक्त बोलत नव्हते." मला राग येतो, रडू येतं. कुठून सुरू करू?

मधली सुट्टी

तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आदर वाटतो. एखादीला वाळीत टाकणं हा मारण्याइतकाच खरा त्रास आहे. उलट यात जखम दाखवता येत नाही आणि पुरावा नसतो, म्हणून सोसणारी मुलगी जास्त एकटी पडते.

मुलीला "तू वाईट आहेस" असं म्हणू नका आणि "मुलींचं चालायचंच" म्हणून सोडूही नका. जे केलं त्याचं नेमकं वर्णन तिच्याकडूनच करवून घ्या. बोलायचं नाही असं कोणाला सांगितलंस? कधी? ती आल्यावर कोण पहिल्यांदा उठलं? ती तेव्हा कुठे पाहत होती? उत्तरं घाईने मागू नका. "तुला कसं वाटलं असतं" हा प्रश्न पाठ झालेलं उत्तर आणतो. तपशिलाचे प्रश्न मात्र मुलाला त्या जागी परत नेतात.

मग असं करून तिला काय मिळत होतं तेही समजून घ्या. वर्गात वरचं स्थान टिकवण्यासाठी मुलं हे करतात आणि पुष्कळदा त्यांना ते मिळतंही, म्हणून तर थांबत नाहीत. तिच्याकडे इतरांना वळवण्याची ताकद आहे. ती दुसरीकडे लावता येईल असं काम शिक्षकांशी बोलून तिला द्या. माफी लगेच मागायला लावू नका. भरपाई मात्र हवी. जो नियम तिने पसरवला तो तिनेच त्या सगळ्यांसमोर मागे घ्यायला हवा.

आणखी एक सांगते. तिलाही कुठे कोणी त्रास देतंय का ते शोधा. एकीकडे सोसणारी आणि दुसरीकडे देणारी अशा दोन्ही बाजूंना असलेल्या मुलांचं पुढे सगळ्यात जास्त नुकसान होतं, असं दीर्घकालीन अभ्यासांत दिसलं आहे.

नेटवरचा नवखा

मोबाइलचं काय? आमच्या मुलांच्या वर्गाचा एक ग्रुप आहे आणि "एक मुलगा सोडून सगळे" असा दुसरा. त्या मुलाचे फोटो विकृत करून तिथे टाकतात. शाळा म्हणते हे शाळेबाहेर घडतंय.

गणिताचे सर

शाळेबाहेर घडत असलं तरी परिणाम शाळेतच दिसतो. सकाळी वर्गात शिरताना त्या पोराला माहीत असतं की समोरच्या प्रत्येकाने तो फोटो पाहिलाय. आम्ही पालकांना सांगतो की पुसून टाकण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. उलट उत्तर देऊ नका. फोन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही. आणि ग्रुपमधल्या इतर मुलांच्या पालकांना सांगा. एरवी मुलांमधल्या बघ्यांची यादी कोणाकडे नसते, इथे ती सदस्यांच्या नावांसकट हातात असते.

कोपऱ्यातला वाचक

मूळ मुद्द्याला आक्षेप आहे. बघणाऱ्या मुलांनी मध्ये पडावं म्हणता, पण त्यांनाच मार बसला तर? दहा वर्षांच्या मुलावर ही जबाबदारी टाकणं मला बरोबर वाटत नाही. हे मोठ्यांचं काम आहे.

मधली सुट्टी

काम मोठ्यांचंच आहे, यात शंका नाही. मुलांनी अंगावर जावं असं मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. पण मध्ये पडण्याच्या पुष्कळ तऱ्हा असतात. न हसणं. घोळका करून न थांबणं. "चल, आपल्याला सरांनी बोलावलंय," म्हणून त्या मुलाला हाताला धरून तिथून नेणं. नंतर त्याच्या शेजारी जाऊन बसणं. फॉरवर्ड न करणं. मोठ्यांना सांगणं. यातल्या बऱ्याच गोष्टींना धाडस लागत नाही, सराव लागतो. वर्गात हे प्रसंग करून बघावे लागतात, वाक्यं तोंडात बसावी लागतात.

फिनलंडमध्ये साल्मिवाल्ली यांच्या मार्गदर्शनाखाली 'किवा' हा कार्यक्रम तयार झाला आणि दोनशेहून अधिक शाळांत त्याची चाचणी झाली. तो याच विचारावर उभा आहे. त्यात एक बारीक गोष्ट मला फार आवडते. त्रास होत असलेल्या मुलाला आधार द्यायला शिक्षक वर्गातली दोन-चार मुलं निवडतात, आणि ती मुद्दाम वर्गात ज्यांना मान आहे अशी निवडतात. अशा मुलाला हात लावायला सहसा कोणी धजत नाही, त्यामुळे तुम्ही म्हणता तो धोका बराच कमी होतो. आणि त्याने शेजारी बसणं हा वर्गाला दिलेला निरोपच असतो.

त्याच फिनिश अभ्यासांतून एक अस्वस्थ करणारी गोष्टही पुढे आली. ज्या वर्गात त्रास एकूण कमी झाला, तिथे तरीही सोसत राहिलेल्या एखाद्या मुलाची अवस्था अधिक वाईट दिसली. आजूबाजूला सगळ्यांचं बरं चाललंय, मग मलाच का, दोष माझाच असणार, असं ते मूल धरून चालतं. म्हणून "आमच्या शाळेत आता जवळजवळ नाही" असं म्हणणाऱ्या शाळेने उरलेल्या त्या एकदोघांना आधी शोधलं पाहिजे.

जुना बाक

मग सरळ शाळेतून काढून का टाकत नाही अशा मुलांना? एकदा दोनदा समज द्यायची आणि दाखला हातात.

मधली सुट्टी

गंभीर हिंसेत दुसऱ्या मुलांना वाचवण्यासाठी वेगळं ठेवावं लागतं, ते ठीक. पण सरसकट 'चूक झाली की बाहेर' या धोरणाने शाळा सुरक्षित होतात असं दिसलेलं नाही. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ साली हेच सांगितलं. शिक्षा फार मोठी असली की मुलं सांगायला कचरतात, शिक्षकही नोंद करायला कचरतात. शिक्षा लहान चालेल, पण ती ठरलेली हवी, लगेच मिळणारी हवी.

आणि हात मिळवायला लावणं किंवा दोघांना समोरासमोर बसवून 'तडजोड' हेही टाळा. तडजोड बरोबरीच्यांत होते. इथे सोसणाऱ्याला त्रास देणाऱ्यासमोर बसून बोलायचं आहे, आणि बाहेर पडल्यावर त्याच्यासोबतच परत वर्गात जायचं आहे. दोघांशी वेगवेगळं बोला.

दोन लेकरांची आई

ताई, तुम्ही सांगितलं तसं वेगवेगळ्या वेळी विचारत गेले. मुलगा बोलला. तीन मुलं आहेत, बसमध्ये आणि स्वच्छतागृहाजवळ. पण मला ज्याचा धक्का बसला ते वेगळंच. त्याला ज्या नावाने ही मुलं चिडवतात ते नाव पहिल्यांदा वर्गात एका शिक्षकांनी घेतलं होतं, तो फळ्यावर अडखळला तेव्हा. सगळा वर्ग हसला आणि तेव्हापासून ते नाव चिकटलं. आता शाळेत जाऊन हे कसं बोलू? शिक्षकांवर बोट ठेवलं तर मुलालाच त्रास होईल असं वाटतं.

गणिताचे सर

ताई, मी शिक्षक आहे म्हणून स्पष्ट लिहितो. शिक्षकाने वर्गासमोर एखाद्या मुलाला हसणं म्हणजे वर्गाला दिलेली परवानगी असते. आम्ही कोणाकडे बघून हसतो, कोणाची चूक वर्गासमोर रंगवून सांगतो, कोणाच्या उत्तराची वाट बघतो आणि कोणाच्या नाही, हे मुलं बारकाईने टिपतात. हे बोललंच पाहिजे.

मधली सुट्टी

बोला, पण तयारीने. आधी मुलाला विचारा की कोणत्या गोष्टी सांगितलेल्या चालतील. मग घडलेल्या प्रसंगांची नोंद करा: तारीख, जागा, काय घडलं, कोण होतं, आणि कोण कोण बघत होतं. विशेषणं नकोत. मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि भेटीची वेळ मागा. त्या शिक्षकांबद्दल एवढंच लिहा की अमुक दिवशी वर्गात हे नाव वापरलं गेलं आणि तेव्हापासून मुलं ते वापरतात. हेतूबद्दल काही लिहू नका, त्यामुळे चर्चा हेतूवरच अडकते. ते नाव वर्गात पुन्हा उच्चारलं जाणार नाही याची खात्री मागा. त्या शिक्षकांनी स्वतः वर्गात तुमच्या मुलाच्या एखाद्या कामाची सगळ्यांसमोर मनापासून दखल घेतली तर फार फरक पडेल, हेही सुचवून पाहा.

भेटीत तीन गोष्टी पक्क्या करून या. बसमध्ये आणि स्वच्छतागृहाजवळ उद्यापासून कोण लक्ष ठेवणार, मुलाला काही झालं तर त्याने शाळेत नेमकं कोणत्या एका माणसाकडे जायचं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा कधी भेटायचं. ती पुढची भेट त्याच दिवशी ठरवून घ्या. त्रास देणाऱ्या मुलांच्या घरी परस्पर जाऊ नका. भेटीनंतर काय ठरलं ते चार ओळींत लिहून शाळेला पाठवा. त्या तीन मुलांखेरीज बसमध्ये रोज कोण असतं ते मुलाला विचारा, त्यातलं एखादं बरं वाटणारं पोर असेल तर त्याच्या आईवडिलांशी बोला. उद्यापासून त्या दोघांना बसमध्ये शेजारी शेजारी बसवता येतं का पाहा. शाळेचं उत्तर आलं की इथे लिहा, पुढचं मिळून ठरवू.